25 तारखेची सकाळ आईचीसुद्धा आहे

सलाम गं. तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोपच लागेना, म्हणून सकाळी सकाळी लिहायला बसले. नाशिकरोडला राहतेस, सात आणि तीन वर्षांची मुलं, नोकरी, घरी सासूबाई. गेल्या नाताळात 24 च्या रात्री ओट्यापाशी रडलीस आणि सकाळी चर्चच्या उपासनेला जाणंच झालं नाही. यंदा दारावर चांदणी लावायची म्हटलं तरी छातीत धडधडतं, आणि आपला विश्वासच कमी पडतोय का, असं तू विचारलं आहेस.

विश्वास कमी पडत नाही, हात कमी पडतात. येशूच्या पाहुणचारात राबणाऱ्या बायबलमधल्या मार्थेचं उदाहरण देऊन आपल्या बायकांना कितीदा गप्प केलं जातं! लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू तिच्या दगदगीबद्दल बोलतो खरा, पण योहानाचा अकरावा अध्याय काढून बघ. भाऊ मेलेला असताना, तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस, असं ठामपणे म्हणणारी बाई तीच मार्था. तेव्हा दमलेली बाई अविश्वासी, हे मनातून काढून टाक.

माझं सांगते. आम्ही नाशिकच्या शरणपूर भागातले. थोरली संडे स्कूलच्या नाटुकल्यात देवदूत झाली होती. तिला एकच वाक्य होतं: भिऊ नका. 24 ला रात्री दीड वाजता मी चकल्या तळत होते, भाजणीचं मोहन चुकलं होतं, एकेक चकली तेलात विरघळत होती. पोरगी माझी वाट बघत तिथेच पाटावर डोकं टेकून झोपली होती, पाठीला चंदेरी कागदाचे पंख तसेच टाचलेले. सकाळी तिला बाबांबरोबर पुढे पाठवलं, म्हटलं मटण शिजलं की आलेच. पोहोचले तेव्हा पाळकसाहेब शेवटचा आशीर्वाद देत होते. तिचं ते वाक्य साऱ्या मंडळीने ऐकलं, मी नाही ऐकलं. पंचवीस वर्षं झाली, अजून सलतं.

त्यानंतर घरात एक गोष्ट ठरली. 25 ला सकाळी मी उपासनेच्या पहिल्या गीताला बाकावर बसलेली असणार. बाकी सगळं तिथून मागे मोजायचं. तूही एवढं एकच धर. त्याच्या आड जे येईल ते आधी उरकायचं, नंतर करायचं किंवा त्या वर्षी सोडून द्यायचं.

आधी उरकण्यासारखं पुष्कळ असतं. अनारशाचं पीठ नोव्हेंबरातच करून फ्रीजमध्ये ठेवता येतं. बेदाणे, काजू संत्र्याच्या रसात भिजवून ठेवले की केकचं अर्धं काम झालं, आणि फळांचा केक आठ-दहा दिवस आधी भाजलेला उलट जास्त मुरतो. घरी ओव्हन छोटा असेल तर मिश्रण फेटून बेकरीवाल्याकडे भाजायला दे, पण 20 तारखेच्या आत, नंतर तिथे उभं राहायला जागा नसते. करंजीत सुकं खोबरं घातलंस तर पंधरा दिवस सहज टिकते. ओल्या नारळाचा हट्ट या महिन्यात नको. आणि आपल्याकडच्या थंडीत लाटलेल्या पाऱ्या लगेच सुकतात, ओलं फडकं टाकून ठेव, नाहीतर कडा फुटतात आणि काम दुप्पट होतं.

आता नंतरचं. 25 म्हणजे नाताळची सुरुवात. तिथून 6 जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत (मागी लोकांना बाळ येशू भेटला तो दिवस) आपला बारा दिवसांचा सण आहे, आणि आपण तो एका दुपारी कोंबतो. नणंदेला 27 ला बोलाव, ऑफिसच्या मैत्रिणींना नवीन वर्षात. शेजारच्यांची दिवाळीची ताटं परत करायची असतात ना, ती 26 नंतर दोन-दोन घरं करून पाठव. केकचा तुकडा, दोन करंज्या, मूठभर चिवडा, बस्स. ताट भरलेलं किती होतं हे कुणी मोजत नाही, पाठवलं नाही तर मात्र वाईट वाटतं.

नाताळची गाणी गात घरोघर येणाऱ्या कॅरलवाल्यांचं स्पष्ट करून टाक. रात्री साडेअकराला चाळीस जण दारात आणि तू कपबशा विसळतेस, हे गाणं ऐकणं नव्हे. तुमच्या इमारतीत आपली आणखी दोन-तीन घरं आहेत म्हणतेस, मग सगळ्यांनी मिळून खाली पार्किंगमध्ये एकदाच बोलवा. एका घरचा चहा, दुसऱ्याचा केक, कागदी कप. चर्चच्या तरुण संघाच्या सेक्रेटरीला आत्ताच फोन कर, त्यांचीही रात्रीची चार घरं वाचतील.

कामाच्या वाटणीबद्दल सासूबाईंशी तू बोलू नकोस. त्यांच्या मुलाला बोलू दे, आणि तेही डिसेंबर लागायच्या आत. यादी कागदावर काढून फ्रीजवर लावा आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहा. "मदत करीन" असं मोघम नको. मटण आणणं, नाटकाचे कपडे, मुलांच्या अंघोळी ही कामं अख्खी तुझ्या नवऱ्याची. कपडे शिवायला टाकायची गरज नसते, मेंढपाळाला जुनी चादर आणि डोक्याला टॉवेल पुरतो. सासूबाईंना विचार, त्यांच्या आईच्या वेळी फराळ कसा व्हायचा. माझी आजी सांगायची, पाच-सहा जणी आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे बसायच्या आणि एकटीने कढई कुणीच चढवत नसे. आमचं शरणपूर ख्रिस्ती मिशनने 1854 च्या सुमाराला वसवलं तेच मुळी ज्यांना घर उरलं नव्हतं त्यांच्या आसऱ्यासाठी. सणाला नातलग कुठून येणार, मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, हेच नातं. तो फराळ एकटीच्या अंगावर कधी येऊन पडला, मला नीट सांगता येणार नाही, पण परत वाटून घेता येतो. महिला मंडळात हा विषय काढून बघ, तुझ्यासारख्या चार जणी निघतील.

एक गोष्ट मात्र टाळू नकोस. ही धडधड जानेवारीतही राहिली, झोप उडाली, मुलांवर हात उचलला जाऊ लागला किंवा जगणं नको वाटू लागलं, तर ते नुसतं सणाचं दमणं नसतं. डॉक्टरकडे जा. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर आहे, फोन फुकट आहे, कधीही लागतो. प्रार्थना चालू ठेवून फोन करता येतो, दोन्हीत भांडण नाही.

24 ला रात्री नऊला गॅस बंद. जे राहिलं ते राहिलं. मटणाला मसाला लावून फ्रीजमध्ये ठेव, कुकरला लावायला चर्चहून आल्यावर पाऊण तास पुरतो. तोवर सगळ्यांना चहा आणि केक. साडी आदल्या रात्रीच खुर्चीवर काढून ठेव, धाकट्यासाठी पर्समध्ये बिस्किटाचा पुडा टाक आणि बाक मधला धर, म्हणजे तो रडला तरी बाबांना त्याला घेऊन बाहेर जाता येईल. तू उठायचं नाहीस.