एक हात कामासाठी

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, व्हिडिओही पाहिले. घोडी देखणी आहे, डोळा शांत आहे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात सगळे रंग आणि कान बघत असताना तू तिचे पाय बघितलेस, हे वाचून फार बरं वाटलं. आता तुला वर्किंग इक्विटेशन हा घोडेस्वारीचा खेळ शिकायचा आहे, जवळपास शिकवणारं कोणी नाही, आणि अडथळ्याची पिंपं किती अंतरावर ठेवायची असं विचारलं आहेस. पिंपांचं सांगतो. पण त्याआधी हा खेळ कुठून आला ते ऐकून घे, कारण कोणताही अडथळा कसा पार करायचा याचं उत्तर तिथेच आहे.

दक्षिण युरोपात घोड्यावर बसून गुरं राखणाऱ्यांचं हे रोजचं काम. पोर्तुगालमध्ये तेजो नदीकाठच्या सखल कुरणांवर कांपीनू, स्पेनमध्ये वाकेरो, इटलीच्या मारेम्मा भागात बुत्तेरो, फ्रान्समधल्या कामार्गच्या दलदलीत पांढऱ्या घोड्यांवरचे गार्दियाँ. गुरं मोकळ्या रानात वाढलेली, माणसाच्या अंगावर धावून येणारी. प्रत्येकाच्या हातात कसली ना कसली काठी. स्पेनमधली गारोचा चारेक मीटर लांब, कामार्गमधल्या काठीच्या टोकाला त्रिशूळ. या चार देशांनी आपापली घोडेस्वारी एका मैदानावर आणली, १९९६ मध्ये इटलीत पहिली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि २००४ मध्ये जागतिक संघटना उभी राहिली. आज अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड अशा कितीतरी ठिकाणी हा खेळ चालतो, आणि त्यात जातीची अट नाही. तुझी मारवाडी घोडी तिथे पोर्तुगालच्या लुसितानो घोड्याइतकीच चालेल.

या सगळ्या राखणदारांचा एक हात कायम कामात असायचा. फाटक उघडायचं, काठी पेलायची, दोर ओढायचा. घोड्यासाठी उरायचा एकच हात, तोही हलका. बाकी सगळं मांडीने, टाचेने आणि अंगाच्या कलाने. म्हणून वरच्या पातळीवर आजही लगाम एकाच हातात धरावा लागतो. तू सुरुवातीला दोन्ही हातांनी धर, खालच्या पातळ्यांवर ते चालतं. पण रोज घोडीवर बसताना मनाशी एवढंच ठेव, की एक दिवस हा उजवा हात मला मोकळा हवा आहे. घोडी वळवायला, थांबवायला, मागे घ्यायला तुला आज हाताची जितकी गरज पडते, तितकं शिकणं बाकी आहे.

स्पर्धेचे चार भाग असतात. पहिला ड्रेसाज, म्हणजे मोकळ्या मैदानावर ठरलेल्या क्रमाने चाली आणि वळणं. दुसरा अडथळ्यांचा, त्यात घड्याळ महत्त्वाचं नसतं, प्रत्येक अडथळ्याला शून्य ते दहा गुण, आणि परीक्षक बघतो ते शांतपणा आणि नेमकेपणा. तिसऱ्या भागात जवळपास तेच अडथळे वेगाने, इथे फक्त वेळ आणि चुकांचे वाढीव सेकंद. चौथा गुरांचा, तो संघाने खेळायचा: कळपातून नेमून दिलेलं एक जनावर वेगळं काढून कोंडवाड्यात न्यायचं. तुझ्यासाठी पुढचं वर्षभर पहिले दोनच भाग आहेत. वेगाचा भाग विसरून जा. घाईत शिकवलेलं घोडीच्या अंगात मुरतं आणि मग ते काढायला दुप्पट काळ जातो.

आता एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. व्हिडिओत घोडीच्या तोंडातली कडी मी थांबवून थांबवून पाहिली. ती काटेरी आहे. बाजारातून घोडी आली तेव्हा सोबत तीच आली असणार, त्यात तुझा दोष नाही, पण ती आजच्या आज काढून टाक. जनावरांशी क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनुसार आपल्या देशात काटेरी कडी वापरायला बंदी आहे. नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. जिला तोंडात टोचण्याची भीती आहे ती घोडी मान आखडते, पाठ खाली दाबते, आणि तुझ्या बोटांची हलकी खूण तिला कधी कळतच नाही. साधी, गुळगुळीत, मधे जोड असलेली स्नॅफल कडी घे, तोंडाच्या मापाची. त्याआधी पशुवैद्याकडून दात तपासून घे, आणि काट्यांनी तोंडात जखमा झाल्या असतील तर त्या भरेपर्यंत तोंडात काहीही घालू नको. तेवढे दिवस दोर लावून जमिनीवरून काम कर. नव्या कडीने घोडी आवरणार नाही अशी भीती तुला कोणीतरी घालेल. थांबायचं मांडीवरून आणि आवाजावरून असतं, हे तिला चालीवर असतानाच शिकव, मग ती आवरते.

दुसरं तिच्या चालीबद्दल. ती रेवाल चालते, म्हणजे मारवाडी घोड्यांची ती मऊ, न हिसकणारी चाल. आपल्याकडे रेवाल चालीला मोल आहे, बसणाऱ्याच्या पोटातलं पाणी हलत नाही, आणि ती चाल मलाही मनापासून आवडते. पण या खेळात साध्या चालीचे चार स्वच्छ ठोके लागतात, आणि सुरुवातीच्या पातळीवर दुडकीही लागते, म्हणजे तिरप्या जोडीने पडणारे पाय. रेवाल घोडी घाबरली किंवा आखडली, की एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम टाकते. व्हिडिओत पिंपाजवळ नेमकं तेच झालं आहे. त्यावर शिक्षा हा उपाय नाही. जमिनीवर चार-पाच वासे टाक, चालीसाठी पाऊण-एक मीटरवर, दुडकीसाठी सव्वा-दीड मीटरवर, तिच्या पावलाप्रमाणे अंतर कमी-जास्त कर, आणि लगाम सैल सोडून तिला त्यावरून आधी चालव, मग दुडकीने ने. पाय उचलताना ती मान खाली घालेल, पाठ वर आणेल, आणि ठोके आपोआप सुटे होतील. ज्या दिवशी सुटे होतील, त्या दिवशी तेवढ्यावरच थांब आणि खोगीर उतरव.

आता फाटक. कोणता अडथळा आधी घेऊ असं विचारलंस, तर हाच. बहुतेक जण पिंपांपासून सुरू करतात, कारण पिंपांभोवती फिरणं दिसायला छान. मी फाटकापासून सुरू करायला सांगतो, कारण फाटकाला लागणारं सगळं पुढे कुठे ना कुठे लागतंच: शेजारी सरळ उभं राहणं, एक पाऊल बाजूला सरकणं, पुढच्या पायांभोवती मागचा भाग फिरवणं, एक-दोन पावलं मागे येणं, आणि मुख्य म्हणजे वाट बघणं.

खरं फाटक लागत नाही. दोन मजबूत खांब रोव, मधे सुती दोर, एका टोकाला फास, तो खांबाच्या खुंटीवर अडकवायचा. स्पर्धेतही दोराचं फाटक चालतं. पहिले काही दिवस फास काढायचाच नाही. घोडीला दोराला समांतर आण, तुझा गुडघा खांबाशी येईल अशी थांबव, हात खांबावर ठेव, आणि उभी राहा. ती हलली तर ओरडू नको, पुन्हा जागेवर आण. खोल श्वास सोड, तिनेही सोडला की मान खाजव आणि निघून जा. तिला वाटायला हवं की फाटक ही विसाव्याची जागा आहे. हे जमलं की फास उचल आणि परत ठेव. मग उचलून एक पाऊल मागे. मग दोर हातात घेऊन पलीकडे वळून जाणं, आणि पुन्हा समांतर उभं राहून फास खुंटीवर. एकदा हात लावला की काम संपेपर्यंत दोर सोडायचा नाही. रानात फाटक हातातून सुटलं तर गुरं बाहेर पडतात, म्हणून सोडलं की गुण जातात.

इथे बहुतेकांची एकच चूक होते. हात फासापर्यंत पोचत नाही, मग स्वार खोगिरावरून वाकतो, वजन एका बाजूला जातं, आणि घोडी त्या वजनाखाली पाय टाकायला सरकते. मग स्वार घोडीला रागावतो. तू वाकू नको. पोचत नसेल तर घोडी बाजूला सरकव. टाच तंगाच्या, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याच्या, जरा मागे, हलका दाब, एक पाऊल मिळालं की दाब लगेच सोड. दाबापेक्षा तो सोडण्याचा क्षण तिला जास्त शिकवतो.

फाटक शांतपणे होऊ लागलं, की बाकीचे अडथळे फार अवघड राहत नाहीत. घंटेचा बोळ म्हणजे जमिनीवर दोन वासे समांतर, मधून सरळ आत जायचं, टोकाला टांगलेली घंटा वाजवायची आणि वाशांना न शिवता मागे यायचं. मागे घेताना लगाम ओढत राहिलीस तर ती वाकडी होणारच, म्हणून एकेक पाऊल माग आणि प्रत्येक पावलानंतर हात ढिला कर. पुलासाठी आधी जाड फळी जमिनीवरच टाक, टापेचा पोकळ आवाज तिच्या कानांना सवयीचा होऊ दे, पावसात ओली असेल तर मुळीच नेऊ नको. स्पर्धेत टेबलावरची पाण्याची सुरई किंवा जग उचलून डोक्यावर धरून परत ठेवायचा असतो. तुझ्याकडे तांब्या आहे, उंच स्टूल आहे, एवढं पुरे. पाणी सांडलं की घोडी कुठे हलली ते तुला तिथल्या तिथे कळेल.

आणि हो, पिंपं. भंगारवाल्याकडची दोनशे लिटरची चालतील, काठावरचा पत्रा कापलेला नसावा. वरच्या पातळीवर पिंपांमध्ये जेमतेम तीन मीटर असतात. तू सहापासून सुरू कर, नुसत्या चालीवर. दोन पिंपांभोवती इंग्रजी आठ, प्रत्येक वर्तुळ सारखं, मधल्या जागी दोन पावलं अगदी सरळ, आणि तिथेच नव्या बाजूला वळण. खांबांच्या ओळीतून नागमोडी जायचं तेव्हाही अंतर सहा मीटर असतं. तिथे बघ, तुझी नजर पुढच्या खांबावर असली की खांदे वळतात, खांदे वळले की मांड वळते, आणि घोडीला लगामाआधीच कळतं. हीच ती वेळ, दोन्ही लगाम डाव्या हातात घेऊन पाहण्याची. जमलं नाही तर पुन्हा दोन्ही हात. यात कमीपणा नाही.

गारोचाबद्दल मात्र सावध राहा. स्पर्धेत पिंपात उभी ठेवलेली काठी धावता धावता उचलायची, बैलाच्या लाकडी आकृतीवरचं गोल कडं टोकाने उचलायचं आणि काठी पुढच्या पिंपात सोडायची. बघायला सर्वांत सुंदर तेच. पण तुझ्या घोडीला आधी कोणी नाचायला शिकवलं असेल, तर काठीने शिकवलं असण्याची शक्यता मोठी. व्हिडिओत बाजूने एक जण काठी घेऊन जातो तेव्हा तिचे कान मागे गेलेत आणि पोट आत गेलंय, नीट बघ. म्हणून तू एक हलका, सरळ वेळू घे, तासून गुळगुळीत कर, आणि पहिले काही आठवडे तो जमिनीवर तिच्या गव्हाणीजवळ पडलेला असू दे. मग जमिनीवरून चालताना तू तो ओढत ने आणि ती तुझ्या मागून येऊ दे. जी वस्तू दूर जाते आहे तिच्या मागे जायला घोडा लवकर धजतो. अंगावरून फिरवायचा तो खूप नंतर, आणि पाठीवर बसून हातात घ्यायचा त्याच्याही नंतर. या एका गोष्टीला सहा महिने लागले तरी लागू देत.

एका अडथळ्यात लहान कोंडवाड्यात कोंबड्या किंवा मेंढ्या ठेवतात आणि घोड्याला त्याभोवतालच्या अरुंद वाटेने गोल न्यायचं असतं. इथे तुझं नशीब चांगलं. तुमच्या भागात रब्बीनंतर धनगर मेंढ्या बसवायला येतात. ओळख काढ, परवानगी माग, आणि वाघूर, म्हणजे मेंढ्यांभोवतीची जाळी, लावलेली असताना लांबून एक फेरी मार, रोज थोडी जवळून. कुत्र्यांची आधी विचारपूस कर. त्यांच्या वाड्याबरोबरची घोडी बघ, भीमथडी जातीची असली तर जास्तच नीट बघ. मेंढरं, कुत्री, पोरं, भांड्यांचा खडखडाट, या सगळ्यात ती मान खाली घालून उभी असते. त्या माणसांना विचार ती इतकी निवांत कशी झाली. माझ्यापेक्षा नेमकं उत्तर तेच देतील.

जमलं तर पोर्तुगालच्या पेद्रो तोरेश यांचे ऑक्सिदादो घोड्यावरचे व्हिडिओ शोधून बघ. ते या खेळातले जगज्जेते ठरलेले आहेत. पण वेगाचा भाग बघू नको, अडथळ्यांचा बघ, आणि तोही आवाज बंद करून, फक्त त्यांच्या डाव्या हाताकडे लक्ष ठेवून.

बाकी किरकोळ. हेल्मेट पट्टा लावूनच, फाटकाशी उभी असतानासुद्धा. टाचेचे बूट, रिकिबीत अडकणार नाहीत असे. नालबंद वेळेवर. पाठीवर बसून अर्धा तास पुष्कळ झाला, आठवड्यातून दोन दिवस अडथळे अजिबात नकोत, नुसती रानातली फेरी. मार्चनंतर ऊन चढायच्या आत सगळं आटप.

पुढचा व्हिडिओ फक्त फाटकाचा पाठव, फास न काढता, नुसतं उभं राहिलेलं. कॅमेरा बाजूने आणि घोडीच्या पोटाच्या उंचीवर धर, म्हणजे मला तुझी टाच आणि तिचे चारही पाय एकदम दिसतील. आणि नवी कडी घेतलीस की तिचा फोटो आधी पाठव, तोंडात घालण्यापूर्वी.

तुझा,
काका