डॉक्टरकी सांभाळून स्टेजवर जादू करणं जमतं का? आणि शोभतं का?

पुण्यात इंटर्नशिप चालू आहे, हौसेने जादू करता, पुढे दोन्ही जमेल का, असं विचारलंय. वेळेचं सोपं आहे. ऑन-कॉलच्या रात्री प्रयोग घ्यायचा नाही, आणि गणपतीत सोसायट्यांची बोलावणी आली की ड्युटीचा तक्ता लागेपर्यंत कुणाला हो म्हणायचं नाही.

खरी अडचण हातांची. दिवसभर साबण आणि सॅनिटायझर, तळवा ठणठणीत कोरडा. दहाचं नाणं २७ मिमीचं. ते अंगठ्याखालच्या आणि करंगळीखालच्या उंचवट्यांत दाबून लपवायचं असतं. कातडी कोरडी असली की ते निसटतं आणि भर प्रयोगात टणकन खाली पडतं. ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं, दोनच थेंब, प्रयोगाच्या वीस मिनिटं आधी चोळा आणि पुसून टाका. जास्त झालं की पत्ते चिकटतात, पंखा उलगडत नाही. वीसचं नाणंही २७ मिमीचंच, पण बाराकोनी, त्यामुळे जरा बरं अडकतं.

थंब टिप, म्हणजे रुमाल लपवायला अंगठ्यावर चढवायचं पोकळ नकली टोक; तिच्या रंगाची फार काळजी नको. अंगठ्याचं टोक सरळ प्रेक्षकांवर रोखा, आडवा धरला की शिवण दिसते. रुमाल रेशमीच, १५ सेमीचा. नायलॉनचा दाबला तरी फुगून बाहेर येतो.

आता 'शोभतं का'. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला भर पंगतीत ऐकवलं होतं, "पेशंटला वाटेल, इंजेक्शनही हातचलाखीच!" वडीलधारे म्हणून तेव्हा उलटून बोललो नाही, आता बोलतो. लस टोचण्याआधी नाणं गायब करून दाखवलं की पोर दंड सैल सोडतं, आणि सैल स्नायूत सुई कमी दुखते. मात्र जादू आधी संपवायची, मग "आता टोचतोय हं" म्हणून टोचायचं. जादूच्या आडून टोचलंत, तर ते पोर पुढच्या डोसला दारातूनच भोकाड पसरेल. स्पंजचे चेंडू ओपीडीत नकोतच. धड निर्जंतुक होत नाहीत, आणि बारकी मुलं तोंडात घालतात. नाणं स्पिरिटने पुसा आणि मुलाच्या हातात देऊ नका.

एक राहिलंच. पेशंटसमोर अंगारा काढणं, मनातलं ओळखणं गमतीतही करू नका. डॉक्टरच्या खुर्चीतला चमत्कार लोक खरा धरतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झगडलेले दाभोलकर स्वतः एमबीबीएस होते; अंनिसवाले (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते) चमत्कार करतात, पण मागची युक्तीही फोडून दाखवतात. आणि प्रयोगाच्या पोस्टरवर दवाखान्याचा पत्ता छापू नका, डॉक्टरांना जाहिरातीची मनाई आहे.