राजा लंडनला राहतो, मग ओटावातले सैनिक पहारा कोणासाठी देतात?

कॅनडाचा राजा लंडनला राहतो, तर ओटावात लाल अंगरखे आणि अस्वलाच्या केसांच्या उंच टोप्या घालून उभे राहणारे सैनिक कोणाचे रक्षण करतात, आणि ज्यांच्या फाटकाशी ते उभे असतात त्या गव्हर्नर जनरलना, म्हणजे राजाच्या तिथल्या प्रतिनिधींना, काही खरे काम असते का, असे आपण विचारले आहे. काही वर्षे ओटावात राहिल्यामुळे हा पहारा मी अनेकदा जवळून पाहिला आहे.

हा पहारा मानाचा आहे. गव्हर्नर जनरलांचे निवासस्थान असलेल्या रिडो हॉलची प्रत्यक्ष सुरक्षा पोलिसांकडे असते. मात्र हे सैनिक नाटकातले नव्हेत. त्यांतले बरेच जण राखीव दलातले असतात आणि कॉलेजात शिकता शिकता उन्हाळा या कामाला देतात. यात मुख्यतः दोन पलटणी दिसतात : १८७२ साली ओटावातच उभी राहिलेली गव्हर्नर जनरल्स फूट गार्ड्स आणि मॉन्ट्रियलची कॅनेडियन ग्रेनेडियर गार्ड्स. लांबून दोन्ही सारख्याच वाटतात. जवळ गेल्यावर कळते की पहिलीच्या टोपीवर लाल तुरा असून अंगरख्याची बटणे जोडीजोडीने लावलेली असतात, तर दुसरीचा तुरा पांढरा आणि बटणे सुटी, समान अंतरावर असतात. जुलैच्या उन्हात टोपीखालून घामाची धार हनुवटीपर्यंत आली तरी न हललेला एक कोवळा पहारेकरी माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

आता गव्हर्नर जनरलांविषयी. त्यांची नेमणूक राजा करतो, पण कॅनडाच्या पंतप्रधानांच्या सल्ल्याने, आणि १९४७ च्या राजाच्या अधिकारपत्राने राजाचे अधिकार वापरण्याची मुभा त्यांना देण्यात आली. विधेयकांना संमती देणे, संसद बोलावणे व विसर्जित करणे आणि पंतप्रधान नेमणे ही कामे त्या पदाकडे आहेत. बहुतेक वेळा मंत्रिमंडळाच्या सल्ल्याप्रमाणेच सही होते, आणि माझ्या मते तेच योग्य आहे, कारण निवडून न आलेल्या व्यक्तीने राज्य चालवावे अशी ही रचना नाही. आपल्याकडच्या राज्यपालपदाशी ओळख असलेल्यांना यातले बरेचसे परिचित वाटेल.

पेच पडतो तेव्हा मात्र या पदाचे वजन कळते. १९२६ साली पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी संसद विसर्जित करण्याचा सल्ला दिला आणि तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड बिंग यांनी तो नाकारला. किंग यांनी राजीनामा दिला, विरोधी पक्षाचे मीएन सत्तेवर आले, पण काही दिवसांतच लोकसभागृहात पराभूत झाले. पुढच्या निवडणुकीत किंगच जिंकले. २००८ मध्ये अविश्वास ठरावाच्या तोंडावर पंतप्रधान हार्पर यांनी संसदेचे सत्र संपवण्याची विनंती केली, तेव्हा गव्हर्नर जनरल मिकाएल जाँ यांनी ती मान्य केली, परंतु पंतप्रधानांना दोन तासांहून अधिक काळ रिडो हॉलमध्ये थांबावे लागले. निर्णय बरोबर होता की नाही यावर तिथे आजही मतभेद आहेत.

गव्हर्नर जनरल सैन्याचे सरसेनापतीही आहेत, आणि पहाऱ्याचा अर्थ मला इथे सापडतो. सैनिकाची शपथ राजाशी, म्हणजे व्यवहारात राज्यसंस्थेशी असते. सत्तेवरच्या पक्षाशी नसते. म्हणूनच त्यांची मानवंदना पंतप्रधानांना नव्हे, तर या पदाला दिली जाते, आणि त्या वेळी बँड राजगीताचा आरंभीचा तुकडा वाजवून लगेच त्याला कॅनडाच्या राष्ट्रगीताचा आरंभ व शेवट जोडतो.