मॅडम, आई आम्हालाही विसरणार का?

घरात कुणाचे शब्द हरवायला लागले की हा प्रश्न येतोच. आज वस्तूंची नावं गेली, उद्या आमची.

तीनेक वर्षांपूर्वी एक सून आली होती (ओळख लपवून लिहितेय), सासूबाई ६४ च्या. भरली वांगी करायला बसलेल्या, चिरा देऊन झाल्या, कूट, गोडा मसाला सगळं बरोब्बर, आणि ही म्हणाली आई दोन वांगी जास्त घ्या, तर हातातलं वांगं तसंच धरून विचारतात, "वांगं म्हणजे काय गं?" हिला वाटलं चेष्टा करतायत. खरं सांगते, मलाही पहिल्या भेटीत डिप्रेशनच वाटलं, नवरा जाऊन वर्षच झालं होतं ना. मग टेबलावरचा पेपर त्यांनी खडाखडा वाचून दाखवला, आपली लिपीच अशी की अर्थ न कळता पण वाचता येतं, आणि वाचून झाल्यावर म्हणाल्या, "दुष्काळ म्हणजे?" तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली आणि न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. एमआरआयमधे डाव्या कानशिलाच्या आतला मेंदूचा भाग आकसलेला निघाला.

याला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया म्हणतात, मेंदूची झीज भाषेपासून सुरू होते. न्यूरॉलॉजिस्ट मेसुलम यांनी १९८२ मधे सहा पेशंटांवरून हे मांडलं, २०११ पासून तीन प्रकार धरतात. एकात बोलणं अडखळतं, व्याकरण तुटतं. दुसऱ्यात शब्द ओठावर येऊन अडकतो, लांब वाक्य परत म्हणता येत नाही, यामागे बऱ्याचदा अल्झायमरच असतो. तिसरा या आजींचा, बोलणं घडाघडा पण शब्दाचा अर्थच पुसला जातो. काल कोण आलं होतं ते मात्र त्यांना नीट आठवायचं, म्हणून तर घरच्यांना हा आजार वाटेचना.

यात कमी वापरातले शब्द आधी जातात, पडवळ आधी, वांगं नंतर, मग सगळंच "ते" आणि "वस्तू". पुढे वस्तूच ओळखू येत नाही, क्वचित भेटणारे चेहरे जातात, स्वभाव बदलतो, सगळं घड्याळाच्या काट्यावरच हवं असा हट्ट, गोडाचा सोस, आणि काही वर्षांनी बोलणंच कमी होत जातं. वेग प्रत्येकाचा वेगळा. थांबवणारं औषध नाही. म्हणून सुनेला सरळच सांगितलं, हो, नावं जातील, चेहरेही जातील कदाचित, पण उशिरा.

त्या घरात खरा त्रास वेगळाच होता. मुलगा रोज संध्याकाळी चमचा, कंगवा समोर धरून "आई हे काय, सांग ना" अशी परीक्षा घ्यायचा आणि दोघंही रडकुंडीला यायचे. ती आधी बंद करायला लावली. वस्तू हातात देऊन आपणच म्हणायचं, हे घ्या वांगं, भाजीचं. स्पीच थेरपिस्टनी घरातल्याच वस्तूंच्या, माणसांच्या फोटोंची वही करून दिली, रोजच्या वापरातले शब्द त्याने जरा जास्त टिकतात.

परवा सून येऊन गेली. मुलाचं नाव गेलंय आता, "आपला तो" म्हणतात. सात वाजले की दारात उभ्या, गाडीचा आवाज ओळखतात आणि उशीर झाला की त्याच्यावर जाम चिडतात.