काचेवरचा स्वयंस्वच्छ लेप लावण्यापूर्वी
दुकानाच्या दर्शनी काचेला स्वयंस्वच्छ लेप लावण्याचा आपला विचार योग्य आहे. मात्र टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप उन्हातील अतिनील किरणांच्या साहाय्याने तेलकट, सेंद्रिय मळ सैल करतो आणि पाणी थेंबांऐवजी पातळ थरासारखे पसरवून तो धुऊन नेतो, म्हणजे पाण्याविना काम अर्धेच राहते, हे आधी ध्यानात घ्यावे. काळ्या मातीची धूळ तर उन्हाने विरघळत नाही. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी आपल्यालाच मारावे लागेल, आणि तेही बोअरचे नको. मी एकदा ती चूक केली, तेव्हा काच वाळताच क्षारांचे पांढरे, नखानेही न निघणारे ठिपके उमटले. आरओचे पाणी बरे. पत्र्याच्या शेडखालील काचेवर, जिथे ऊन पोचतच नाही, हा खर्च मुळीच करू नये.