चेंडू कुठे गेला ते शेवटी लिही

अ. उ. आ.

बेसबॉलच्या निवड चाचणीची गुणपत्रिका पहिल्यांदाच तुझ्या हाती येतेय, म्हणून आधीच बजावतो: नजर चेंडूमागे धावू देऊ नकोस, पायांवर ठेव. बारा वर्षांच्या गटात एखादं पोर अंगाने दोन वर्षांनी मोठं असतं आणि त्याचा चुकलेला फटकाही आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागात, पडतो. बाकीची मुलं उंचीने त्याला गाठतात तेव्हा तंत्र तेवढं शिल्लक राहतं.

बॅटिंगला टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांडीवर) पाच चेंडू दे, टी कमरपट्ट्याच्या उंचीला; मग समोरून टाकलेले दहा. तू बॅटरच्या छातीसमोर, जाळीमागे उभा राहा. पुढचा पाय टेकला, मग कंबर फिरली, मग हात आले, हा क्रम बघ. हात आधी सुटले तर फटका नुसत्या दंडाच्या जोरावर आहे. पुढचा पाय होम प्लेटपासून (बॅटरशेजारच्या जमिनीवरच्या पाटीपासून) लांब पडत असेल तर तिच्या बाहेरच्या बाजूने येणाऱ्या पिचपर्यंत, म्हणजे पिचरने फेकलेल्या चेंडूपर्यंत, बॅट पोचणारच नाही. बहुतेकदा ही चेंडूची भीती असते आणि ती जाते, त्यामुळे फार गुण कापू नकोस.

फाउल, म्हणजे बॅटला लागून हद्दीच्या रेषांबाहेर गेलेले चेंडू, मात्र नीट वाच. सरळ मागे जाळीवर गेलेला फाउल म्हणजे वेळ बरोबर, बॅट जराशी खाली. उजव्या बॅटरचे फाउल पहिल्या बेसच्या (प्लेटवरून मैदानाकडे पाहता उजव्या) बाजूला जात राहिले तर तो उशिरा येतोय. अशा वेळी हलकी बॅट देऊन आणखी तीन चेंडू खेळव. कित्येकदा दोष घरून आणलेल्या जड बॅटचा असतो.

क्षेत्ररक्षणाला सगळ्यांना एकाच अंतरावरून आठ ग्राउंडर (जमिनीलगत येणारे चेंडू): तीन सरळ, दोन ग्लोव्हच्या बाजूला, दोन बॅकहँडला (ग्लोव्हच्या उलट बाजूला), एक अगदी मंद. ग्लोव्ह जमिनीपासून वर यायला हवा. वरून खाली येणाऱ्या ग्लोव्हखालून चेंडू निसटतो. चेंडू छातीवर आदळला की ‘हात कच्चे’ असा शेरा मारायची घाई होते. खरं तर पोर जागीच थांबलेलं असतं आणि टप्पा त्याला अडनिड्या उंचीवर गाठतो. दोन पावलं पुढे आलं असतं तर तोच चेंडू टप्प्यालगत सहज मिळाला असता. उंच झेलांना पहिलं पाऊल तेवढं बघ: वळून मागे पळतो की तोंड चेंडूकडे ठेवून उलट्या पावलांनी मागे सरकतो?

पिचिंगला जास्त वेळ ठेव. लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉल संघटनेत) बारा वर्षांपर्यंत पिचर ते होम प्लेट अंतर ४६ फूट असतं. मोठ्यांच्या ६० फूट ६ इंचांवर या मुलांना उभं करू नकोस, चेंडू पोचवायच्या नादात हालचालच बिघडते. काल पिचिंग केलं होतं का, हे आधी विचार. वॉर्मअपनंतर वीस पिच पुरेत. पुढचा पाय टेकताना कोपर खांद्याच्या उंचीला आलेलं असावं आणि पाऊल होम प्लेटच्या रेषेत पडावं. उजव्या पिचरचं पाऊल तिसऱ्या बेसकडे आडवं पडलं तर हात अंगावरून ओढून फेकावं लागतं आणि भार खांद्यावर येतो. विसात बारा स्ट्राइक (बॅटरला खेळण्याजोग्या जागेतून गेलेले पिच) या वयाला चांगले. पण पहिले पाच आणि शेवटचे पाच पिच शेजारी शेजारी मांड. कोपर खाली आलं, चेंडू वर तरंगू लागला, म्हणजे पोर दमलंय. कोपर किंवा खांदा दुखतो म्हणाला तर तिथेच थांबव, पुढचा पिच नाही. चेंजअपला (वेगवान भासवून हळू टाकलेल्या पिचला) हाताचा वेग फास्टबॉलइतकाच राहिला तर एक गुण जास्त दे. कर्व्हला, म्हणजे हवेत वळणाऱ्या पिचला, मी या वयात गुणच देत नाही, कुणी कितीही वळवून दाखवला तरी. रडार गनचा (वेग मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा लिहायचा तर लिही, पण कोपऱ्यात.

व्यावसायिक स्काउट (संघांसाठी खेळाडू हेरणारे) २० ते ८० च्या मापावर गुण देतात, त्यात ५० म्हणजे मेजर लीगची, अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगची, सरासरी. मुलांना ते माप लावू नकोस, १ ते ५ पुरे. शेजारी दोन रकाने आख: ‘शिकवून सुधारेल’ आणि ‘अंगकाठीमुळे’. दुसऱ्या परीक्षकाशी बोलण्याआधी आकडे लिहून टाक. नंतर लिहिलेले निम्मे त्याचेच असतात.

ता. क. डावखुऱ्या मुलांचं क्षेत्ररक्षण पहिल्या बेसवर आणि आउटफिल्डमध्ये बघ. शॉर्टस्टॉपवरून (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या जागेवरून) पहिल्या बेसला फेकताना त्यांना अख्खं अंग वळवावं लागतं, आणि तिथे ती उगाच संथ वाटतात.