दुपारी एक ते रात्री आठ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. कुकर आणू का, डास किती, शाळा कधीपासून, तुरीची डाळ मिळते का, भूकंप होतात म्हणे. सगळ्याचं सांगते. पण जे तू विचारलंच नाहीस ते आधी, कारण त्रिनिदादमध्ये लहान मूल घेऊन आलेल्या आपल्या मुली डाळीवाचून अडलेल्या मी पाहिल्या नाहीत. अडतात त्या दुपारी.

हिशेब साधा आहे. त्रिनिदाद भारताच्या साडेनऊ तास मागे. तुझ्याकडे सकाळी सात वाजतील तेव्हा पुण्यात दुपारचे साडेचार, तुझी आई चहा टाकत असेल. लेक दूध पिता पिता आजीशी बोलेल. बाराला तुम्ही जेवायला बसाल तेव्हा तिकडे रात्रीचे साडेनऊ, आजोबा जांभया देत नातवाला गोष्ट सांगतील. एक वाजला की पुण्यातले दिवे मालवले. तुझ्याकडे रात्रीचे आठ वाजेपर्यंत तिकडे कोणी जागं नाही. नवरा पॉइंट लिसासच्या कारखान्यात, तिथली अमोनिया-मिथेनॉलची कामं घड्याळ बघून संपत नाहीत. तुझ्याकडे कामाचा परवाना नाही, गाडी नाही, खिडकीला लोखंडी जाळी आणि बाहेर जून ते डिसेंबर पाऊस. घरात माणूस म्हणजे तीन वर्षांचा एक.

मग त्या सात तासांत आई लेकालाच मैत्रीण करते. त्याच्याशी बोलते, त्याच्यापुढे हसते, कधी त्याच्यापुढेच रडते. पोरं फार हुशार असतात गं, आईला आपण लागतो हे त्यांना लगेच कळतं. पुढे शाळेच्या दारात ते रडतं, सगळे म्हणतात नवखं आहे, रुळेल. ते दहा मिनिटांत रुळतं. आई मात्र घरी येऊन चार वेळा शाळेत फोन करते आणि आठवड्याने म्हणते, ‘राहू दे, पुढच्या वर्षी बघू.’ हे मी एका नाही, बऱ्याच घरांत पाहिलंय. लेकावर तुझ्या एकटेपणाचा भार टाकू नकोस, एवढंच माझं मुख्य सांगणं आहे. बाकीचं सगळं यातूनच येतं.

म्हणून शाळा पहिल्या महिन्यातच बघ. तिकडे तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी सरकारी बालशिक्षण केंद्रं आहेत, खासगीही पुष्कळ. पाचव्या वर्षी मूल प्राथमिक शाळेत ‘इन्फंट्स’ला जातं. वर्ष सप्टेंबरात सुरू होतं. परदेशी मुलाला इमिग्रेशनकडून विद्यार्थी परवाना काढावा लागतो, त्याच्यामागे कंपनीच्या माणसाला तू यायच्या आधीच लाव, नाहीतर कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसतील. शाळा सनातन धर्म महासभेची असो, प्रेस्बिटेरियन असो की कॅथलिक, फारसा विचार करू नकोस, घराजवळची घे. प्राथमिकच्या शेवटी एसईए नावाची परीक्षा असते आणि तिच्यापायी तिथले पालक शिकवण्यांसाठी जे धावतात ते बघून तुला अगदी घरच्यासारखं वाटेल. त्याला अजून आठ वर्षं आहेत. तू त्या धावपळीत आत्तापासून पडू नकोस.

मूल शाळेतून दुपारी परत येणारच. म्हणून दुसरी गोष्ट, गाडी. गाड्या डावीकडूनच चालतात, आपल्यासारख्याच, त्यामुळे सबब चालणार नाही. लायसन्सचं काम पुढे ढकलू नकोस. तुम्ही घर बघताय त्या कोव्हाला सार्वजनिक ग्रंथालय आहे, मुलांचं दालन आहे. तिथे त्याला घेऊन बस. जवळच वॉटरलूला समुद्रातलं देऊळ आहे. शिवदास साधू नावाच्या ऊसमळ्यातल्या मजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं, ते पाडलं गेलं, त्याला तुरुंगात टाकलं. जमीन कोणाचीतरी असते, समुद्र कोणाचा नाही, असं म्हणून त्याने सायकलवरून दगड वाहून वर्षानुवर्षं पाण्यात भर घातली. ओहोटीला सगळा चिखल उघडा पडतो आणि त्यावर बगळे, खेकडे. तुझा लेक तासभर हलणार नाही. तिथून जवळ कॅरापिचायमाला दत्तात्रेयाचं मंदिर आहे आणि अंगणात 85 फुटी मारुती. बघताना मान अवघडते.

उन्हाचं ऐक. अक्षांश साधारण कोचीचा, त्यामुळे थंडी नाही आणि उन्हाळाही वेगळा नाही. वर्षभर सहा-साडेसहाला अंधार. मूल बाहेर काढायचं ते सकाळी नऊच्या आत नाहीतर चारनंतर. मधल्या वेळी एसी लावून पडदे ओढून बसायचा मोह होईल. गॅलरीत बस. तिकडेही ओसरीला गॅलरीच म्हणतात, आणि शेजारीण दिसायची असेल तर ती तिथूनच दिसते.

आता शेजारीण. शेजारी बहुधा भारतीय वंशाचेच असतील. 30 मे 1845 ला ‘फतेल रझाक’ जहाज पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, घेऊन तिथे लागलं, आणि 1917 पर्यंत असे जवळपास दीड लाख लोक आले, बहुतेक कलकत्त्याहून, पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारचे. 30 मेला सुट्टी असते. त्यांच्या घरी आजा-आजी, नाना-नानी आहेत, दिवाळीला कुंपणाच्या बांबूंवर पणत्या आहेत, फगव्याला, म्हणजे होळीला, अबीर आहे. हे पाहून आपल्या माणसांना एक खोड सुचते. त्यांचे उच्चार सुधारायचे, ‘आमच्याकडे पूजा अशी नसते’ म्हणायचं, आडनावावरून जात काढायची. कृपा करून यातलं काही करू नकोस. पावणेदोनशे वर्षं त्यांनी हे सांभाळलं ते तुझी परवानगी न घेता. आणि निम्म्याहून जास्त देश भारतीय वंशाचा नाही, हेही ध्यानात ठेव. आफ्रिकी वंशाच्या शेजारणीकडे लेकाला खेळायला पाठवायला मागेपुढे पाहिलंस तर ते त्याच्या आधी तिला कळेल.

एक रीत मात्र पहिल्या दिवशीच शिक आणि लेकालाही शिकव. दुकानात, दवाखान्यात, टॅक्सीत पाय ठेवला की आधी ‘गुड मॉर्निंग’, मग काम. न म्हणता किंमत विचारलीस तर दुकानदारीण तोंडावर सांगणार नाही, पण तुला उभं ठेवेल. अंधार पडल्यावर भेटताना ‘गुड नाइट’ म्हणतात, निरोपाला नव्हे, नमस्काराला. तीन वर्षांचं पोर हे खणखणीत म्हणालं की दारं उघडतात, अगदी बँकेतलीसुद्धा. बँकेवरून आठवलं, अमेरिकन डॉलर तिथे मागितले आणि मिळाले असं होत नाही, पगार कोणत्या चलनात किती हे नवऱ्याला सही करण्यापूर्वी नक्की करायला सांग.

म्हाताऱ्या पुरुषांपैकी कोणी ‘बॉम्बे?’ विचारलं तर पुढचा शब्द गावसकर असणार. 1971 ला क्वीन्स पार्क ओव्हलवरच त्यांनी कसोटीत पदार्पण केलं आणि त्याच सामन्यात आपण वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं. सरदेसाईंचं शतक आठवणारेही भेटतात. क्रिकेट कळत नसेल तरी हसून ऐक, त्या गप्पांतून मला एकदा उत्तम प्लंबर मिळाला.

खाण्याचं. कुकर आण. गोडा मसाला, आमसुलं, मेतकूट आण, तेही सीलबंद. बाकी बॅगा भरू नकोस. वांग्याचं भरीत तिकडे ‘बैगन चोका’ म्हणून सकाळी सादा रोटीबरोबर खातात. भेंडी, कारली, दुधी, चवळीच्या शेंगा, सगळं बाजारात. अळू तर एवढं की विचारू नकोस. त्याची पानं डाळीच्या पिठात गुंडाळून तळतात, नाव ‘साहीना’, आपल्या अळूवडीची सख्खी चुलत बहीण. डाळ म्हणजे बहुधा पिवळ्या वाटाण्याची, वरणाला चालते. डबल्स, म्हणजे दोन मऊ तळलेल्या पुऱ्या आणि मधे छोले, लेकाला जरूर दे, पण विक्रेत्याला आधीच सांग, मिरची नको. ‘थोडी’ म्हणालीस तरी तिथली थोडी आपल्याला झेपत नाही.

दुखण्याखुपण्याचं. हिवताप बेटावरून केव्हाच गेलाय, पण डेंग्यू आहे आणि तो डास दिवसा चावतो. बऱ्याच भागांत पाणी ठरल्या वेळी येतं म्हणून घरोघरी काळ्या टाक्या. टाकीचं झाकण, कुंड्यांच्या बश्या, जुने टायर आठवड्यातून एकदा बघायचेच. वर्षातले काही महिने सहारा वाळवंटातली धूळ अटलांटिक ओलांडून येते, आकाश दुधट होतं. लेकाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर डॉक्टरांशी इथूनच बोलून ये. समुद्रावर माराकासला जाल, सगळेच जातात, पण ओढ जबर आहे. लाल बावटा असेल तर घोट्यापर्यंतसुद्धा नाही. टोबॅगोला गेलात तर किनाऱ्यावर मॅन्चिनील नावाचं झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं, विषारी. पावसात त्याखाली उभं राहिलं तरी ठिबकणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात. त्याला नियम एकच सांग, वाळूत सापडलेलं तोंडात घालायचं नाही.

वादळांची चिंता थोडी कमी कर. बेट दक्षिणेला, व्हेनेझुएलाला लागून, त्यामुळे मोठी चक्रीवादळं सहसा उत्तरेकडून जातात. पूर मात्र येतो. भूकंपही होतात, 21 ऑगस्ट 2018 चा सातच्या आसपासचा होता. घर भाड्याने घेताना चौकशी भाड्याची नंतर, आधी विचार की पावसात हा रस्ता बुडतो का.

आणि गुन्हेगारी. आई-बाबांना काय सांगायचं ते तू ठरव, तुला मी खरं सांगते. ती आहे, बंदुकीची आहे, 2024 च्या अखेरीस सरकारने आणीबाणी जाहीर केली ती उगीच नव्हे. घाबरून कोंडून घेणं हा उपाय नाही, आणि ‘आपल्याला काय होतंय’ म्हणणं हाही नाही. कुठे जायचं, कुठे नाही, किती वाजेपर्यंत, हे सहकाऱ्यांना नव्हे, गल्लीतल्या बायकांना विचार. अंगावर सोनं नको. मंगळसूत्र घालायचंच तर आत.

भाषेचं तू विचारलंस. घरात मराठी, बाहेर तो त्यांची इंग्रजी उचलेल, त्यांच्या हेलासकट. आजी फोनवर हसली तर हसू दे, त्याला थांबवू नकोस. कार्निव्हलच्या आधी मुलांचा वेगळा कार्निव्हल होतो, त्यात शाळेबरोबर पंख लावून नाचेल. जाऊ दे. तू बरोबर गेलीस तर फोटो काढत कडेला उभी राहू नकोस.

आता लगेच करायचं. त्रिनिदादहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला नसेल तर विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. नऊ महिन्यांवरच्या प्रत्येकाला हा नियम, म्हणजे लेकालाही. लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, आणि त्या दाखल्याचं पिवळं पुस्तक पासपोर्टबरोबर ठेवा. थेट विमान नाही. लंडन, न्यूयॉर्क किंवा ॲमस्टरडॅम, कुठूनही गेलात तरी ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तिघांचंही वेगवेगळं तपासा. लहान मुलाला लागत नाही असं एजंट सांगेल, त्याच्यावर विसंबू नका. तिकीट काढण्यापूर्वी मार्ग मला कळव, आणि कोव्हाला घर कोणत्या रस्त्यावर बघताय तेही. तिथली एक ओळखीची बाई आहे, तिचा नंबर देते. दुपारी दोननंतर ती घरीच असते.

तुझी,
मावशी